पेंचच्या सिल्लारीत दोन रात्री: वाघ नाही दिसला, तरी पैसे वसूल

आधीच सांगते, वाघ आम्हाला दिसला नाही. पगमार्क म्हणजे पंजाचे ठसे दिसले, सांबराचा धोक्याचा कॉल ऐकला, गाईड पोरगा म्हणून राहिला "इथंच आहे मॅडम, इथंच बसला आहे", अन् तो तिथंच बसून राहिला अन् आम्ही परत आलो. ज्यांना साइटिंग झाली की नाही एवढंच पाहिजे त्यांनी इथूनच वापस गेलं तरी चालते, राग नाही. बाकीच्यांसाठी लिहून राहिली, कारण आम्ही गेलो होतो अंधार पाहायला अन् राहिलो होतो तिथल्याच एका गोंड ताईंच्या घरी, दोन खोल्यांचा होमस्टे आहे त्यांचा. नाव मुद्दाम टाकत नाही. दोन खोल्या अन् एक बाथरूम, उद्या पन्नास फोन आले तर ताई काय करतील, अन् चांगल्यासोबत दोनचार वाकडं पण लिहायचं आहे मला.

अंधार पाहायला सव्वाशे-दीडशे किलोमीटर जायची वेळ काहून आली? मी झेडपीच्या शाळेत शिकवते, आर्वीकडे. काही वर्षांआधी आमच्या गावच्या चौकात हायमास्ट लागला, नारळ फोडला, पेढे वाटले, मी पण दोन खाल्ले. वाईट काहीच नाही त्यात, बायकांना रात्री बाहेर निघता येते. पण तेव्हापासून अंगणातून तारे मोजले तर वीस-पंचवीसच्या वर जात नाही. पाचवीच्या पोरांना मी सप्तर्षी शिकवते ते फळ्यावर, खडूनं सात टिकल्या काढून. मागच्या वर्षी एक पोरगं म्हणे, मॅडम हे खरंच असते का पुस्तकातच असते. त्याच दिवशी घरी येऊन यांना म्हटलं, जानेवारीच्या अमावस्येला आपण पेंचला चाललो.

तर पेंचचं असं आहे की 2024 च्या जानेवारीत महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचं आकाश काळं राखलेली जागा, म्हणून मान्यता भेटली, भारतातलं पहिलं अन् आशियातलं पाचवं. हा बिल्ला देणारी संस्था आहे डार्कस्काय इंटरनॅशनल, अमेरिकेतल्या ॲरिझोनात टूसॉनला तिचं ऑफिस, 1988 पासून काम करते, अन् 2001 मध्ये त्यांनी जगातलं पहिलं गाव निवडलं ते तिथलंच फ्लॅगस्टाफ. बिल्ला असाच नाही देत. लाइट खाली तोंड करून पाहिजेत, पिवळसर पाहिजेत, आकाश किती काळं आहे ते मीटरनं मोजून दाखवा, लोकांना समजावून सांगा, अन् हे सगळं झाल्यावर पण दरवर्षी अहवाल पाठवा, नाही तर दिलेला बिल्ला वापस जाऊ शकते. म्हणजे आमच्या शाळेसारखंच, नुसती माहिती भरत बसा. पण इथं त्या माहितीच्या मागे खरंच काहीतरी झालेलं आहे, हे जाऊन पाहिलं म्हणून सांगते. वाघोडा, सिल्लारी, पिपरिया अन् खापा या चार गावांतले शंभराच्या वर दिवे बदलले, वर फेकणारे काढून खाली पाहणारे लावले.

जाणं सोपं आहे. नागपूरहून जबलपूर रोड, कामठी, कन्हान, मनसर, पुढं पवनी, तिथून डावीकडे आत, नागपूरपासून सत्तरेक किलोमीटर पडते. रामटेकला गडावर थांबून गेलो म्हणून पोचायला चार वाजले. खोली साधी, शेणानं सारवलेलं अंगण, गादी स्वच्छ, उशा दगडासारख्या. दोन खोल्यांचे मिळून, तीन टाइमच्या जेवणासकट, एका रात्रीचे 3,600 घेतले, आम्ही चौघं, म्हणजे आम्ही दोघं, पोरगी अन् मामाजी. मामाजी म्हणजे माझे सासरे, पंचाहत्तरीचे आहेत, ते यायला तयार नव्हते, "तारे पाहाले कायले पैसे द्याचे" म्हणून. बाथरूम बाहेर, पाणी चुलीवर तापवून बादलीनं आणून देतात. थंडीत पहाटे साडेचारला उठून सफारीची जिप्सी पकडायची असते तेव्हा ही बादली येईपर्यंत जीव जाते माणसाचा. संडासाची कडी लागत नाही, पोरगीला मी बाहेर उभी राहून पहारा दिला. बाथरूमला पाचातून दोन.

जेवणाचं मात्र सविस्तर सांगायचं आहे. पहिल्या दिवशी ताटात आलं पनीर. मटर पनीर, फुलके, जिरा राइस, अन् सोबत पुडीतलं लोणचं. चव बरी होती, पण मी ताईंना विचारलं, बाहेर परसात तुरी उभ्या आहेत, सोले म्हणजे तुरीचे ओले दाणे निघून राहिले असतील, मग पनीर काहून? तर म्हणे "पावण्यायले पनीरच लागते मॅडम, येक जन सोल्याची भाजी पाहून हासला होता, म्हने हे तं आमच्या घरचे नोकर खातात." माय वं. मग हिशोब काढला आम्ही दोघींनी बसून, मला सवय आहे हिशोबाची, पोषण आहाराचं रजिस्टर मीच भरते. पनीर नागपूरहून येते, मटर फ्रोजन तेही नागपूरहून, मैदा, तेल, लोणचं, पाण्याच्या बाटल्या, सगळं विकतचं. पाहुणा ज्या पैशाला "गावाला मदत" समजून देते त्यातला बराचसा त्याच संध्याकाळी हायवेनं नागपूरला वापस जाते. अन् घरचा तांदूळ, घरची तूर, परसातली वांगी, शेजारणीचं तूप हे सगळं घरात पडून. मी म्हटलं उद्या आम्हाला सोलेभात अन् वांग्याचं भरीत करा, अन् रात्री कढी-गोळे. त्यांचा विश्वासच बसेना. दुसऱ्या दिवशीचं जेवण असं झालं का आमचे हे, जे लग्नात पण दुसऱ्यांदा वाढून घेत नाही, त्यांनी तीनदा भात घेतला. जेवणाला पाचातून पाच, पण मागून घ्यावं लागते, न मागता भेटते ते तीन.

इकोटुरिझम, म्हणजे जंगल न बिघडवता अन् गावाला फायदा होईल असं पर्यटन, म्हणून जे मोठमोठ्या परिषदांत बोलतात, संयुक्त राष्ट्रांनी 2002 हे अख्खं वर्षच त्याच्या नावानं साजरं केलं होतं, त्यातला अर्धा विषय मला त्या सोल्याच्या भाजीत दिसला. बाकी अर्धा रात्री.

रात्रीचं सांगते. साडेसातला गावातून निघालो टेलिस्कोपच्या जागेकडे, तिथं पैसे भरून बॅचबॅचनं तारे दाखवतात. रस्त्यावरचे दिवे पाहिले, वर टोपी अन् उजेड गोल पडलेला खाली. दिव्याखाली सुई पडली तर दिसन, दिव्याच्या वर काळंकुट्ट. मला वाटलं होतं गावात मिट्ट काळोख करून ठेवला असेल पर्यटकांसाठी, अन् गावचे लोक चाचपडत असतील. तसं नाही. पण सुरुवातीला लोकांचा विरोध होता म्हणे, अन् त्यात चूक काय, जंगलाच्या काठावर बिबट अंगणात येते, शेळी नेते, तिथं कोणी आलं अन् म्हणालं लाइट कमी करा तर तुम्ही काय म्हणाल? ताईंचा मोठा पोरगा म्हणे, "आमाले वाटलं का हे शहरातले लोक आमाले अंधारात ठिवाले आले. मंग लाइट लागल्यावर पाह्यलं तं रस्ता जास्त दिसून राहिला, पयले अर्धा उजेड आभायात जाये."

टेलिस्कोपमधून गुरू दिसला, त्याच्या बाजूला एका रेघेत चार टिपके, ते त्याचे चंद्र. पोरगी तिथून हटायलाच तयार नाही, मागे लाइन लागलेली. मग मृगातला तो धुरकट डाग, जिथं नवीन तारे जन्मतात म्हणून सांगितलं. सांगणारा पोरगा चांगला होता, मराठीत सांगत होता, घोकलेलं वाटत नव्हतं. पण खरं सांगू का, टेलिस्कोपपेक्षा उघड्या डोळ्यानं जे दिसलं ते जास्त होतं. एवढे तारे का ओळखीची नक्षत्रं शोधूनच सापडेना, गर्दीत हरवली सगळी. मी एवढी वर्षं शिकवणारी बाई, मला कृत्तिका सापडायला पाच मिनिटं लागली. अन् मामाजी जे संध्याकाळपासून गुमसुम होते ते एकदम बोलले, "हे पाय तिफन." तिफन म्हणजे पेरणीचं तीन फणांचं औत, अन् वर मृगातले तीन तारे. म्हणे माझा बाप पेरणीच्या आधी, पहाटेच्या पाऱ्यात तिफन पाहून सांगे. चाळीस वर्षं झाली म्हणे मी वर पाह्यलंच नाही. सांगणाऱ्या पोरानं टेलिस्कोप सोडला अन् त्यांच्याजवळ येऊन उभा राहिला, नंतरच्या बॅचला त्यानं तिफन सांगितली, मी कानानं ऐकली.

आता वाकडं. पूर्वेकडच्या क्षितिजावर एक पांढरा गोळा दिसत होता, मी विचारलं हे काय, गावाचा उजेड? तर तिथले लोक म्हणे एक रिसॉर्ट आहे. गावातल्या गरिबानं आपला बल्ब खाली केला अन् दहा हजार रुपये रात्र घेणारे झाडांवर पांढरे फोकस मारून बसले आहेत, पाहुण्यांना झाडं दिसावी म्हणून. अकरा वाजेपर्यंत त्यांच्याकडून बारीक बारीक गाणी पण येत होती. दुसरं, आमच्या बॅचमधला एक माणूस दर दोन मिनिटांनी मोबाइलचा टॉर्च लावे. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला अर्धा तास तरी लागते, अन् एका टॉर्चनं ती सगळ्यांची जाते. त्याला चारदा सांगितलं, पाचव्यांदा मामाजींनी सांगितलं, त्यांच्या भाषेत, मग बंद झाला. आयोजकांनी सुरुवातीलाच मोबाइल टोपलीत टाकून घ्यावे, लाल लाइटचे छोटे टॉर्च द्यावे, एवढं केलं तरी पुरे. तिसरं, सफारीसाठी आम्ही एका एजंटला फोन केला होता, त्यानं गेट फी, गाईड फी, जिप्सी असं सगळं एका आकड्यात सांगितलं अन् पावती मागितली तर हसला. नंतर समजलं का सरळ ऑनलाइन केलं असतं तर बरंच कमी पडलं असतं. चूक आमची, घाई झाली.

सफारीचं थोडक्यात. दुसऱ्या दिवशी खुर्सापार गेट होतं, त्यासाठी हायवेनं वर जावं लागते, अन् ते एक पाहण्यासारखं आहे, मनसर ते खवासा या पट्ट्यात हायवे उचलून जनावरांसाठी खालून वाट सोडली आहे, अशा नऊ जागा आहेत, सगळ्यात लांब 750 मीटरची. वाघ तिथून जाते याचे कॅमेऱ्यात फोटो आहेत. आपण वरून ऐंशीच्या स्पीडनं, तो खालून आपल्या चालीनं. तो पुढं मध्य प्रदेशात जाते, तिकडचं पण पेंचच आहे, त्याला कुठं बोर्ड वाचता येते. आमच्या ड्रायव्हरनं कुठंच घाई केली नाही, दुसऱ्या गाड्या दिसल्या का मागे थांबे. उमरेड-करांडला अभयारण्यात 2024 च्या 31 डिसेंबरला वाघीण अन् तिची पाच पिल्लं जिप्स्यांनी दोन्हीकडून कोंडली होती, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला असेल, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली होती. ड्रायव्हर म्हणे तेव्हापासून सगळे सुधरले, निदान गेटजवळ तरी.

मधात एकदा गाईडनं गाडी थांबवली, वर एक ठिपका फिरून राहिला होता, म्हणे गिधाड असू शकते. नीट कळलं नाही, लय उंच होतं. पण त्यावरून मामाजी सुरू झाले, पहिले गावाबाहेर ढोर टाकलं का पन्नास-पन्नास गिधाडं उतरत, मग एकाएकी कुठं गेली कोणाला समजलं नाही. समजलं ते 2004 मध्ये, अन् तेही पाकिस्तानात काम करणाऱ्या संशोधकांच्या पथकाला, का जनावराला देतात ते डायक्लोफिनॅकचं औषध मेलेल्या ढोरात राहते अन् ते खाल्लं का गिधाडाच्या किडन्या जातात. 2006 मध्ये भारत, नेपाळ अन् पाकिस्तान तिघांनी जनावरांसाठी ते बंद केलं. अन् 2024 च्या जानेवारीत हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रात वाढवलेली लांब चोचीची दहा गिधाडं पेंचमध्ये आणली, बीएनएचएस म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी अन् वनविभागानं मिळून. मामाजींनी ऐकून घेतलं अन् म्हणे, "म्हंजे आपल्या बैलाच्या सुजेवर जे सुई मारत होतो आपन, तेच?" हाव, तेच. मग गेटपर्यंत काही बोलले नाही.

दुसऱ्या रात्री आभाळ आलं. पैसे भरलेले, सगळे येऊन बसलेले अन् वर एक तारा नाही. हा कोणाचा दोष नाही, पण अशा वेळी दुसरं काहीतरी तयार पाहिजे, चित्रं दाखवा, गोष्टी सांगा, नुसतं "बघू तासाभरानं" म्हणून थंडीत बसवून ठेवणं बरोबर नाही. आम्ही नऊला उठून घरी आलो अन् ताईंच्या अंगणात शेकोटीजवळ बसलो, अन् तिथं पैशाची गोष्ट निघाली.

माझा आतेभाऊ भूतानला जाऊन आला, तिथं भारतीय माणसाला एका रात्रीचे 1,200 रुपये सरकारला द्यावे लागतात, बाकी देशाच्या लोकांना 100 डॉलर, राहणं-खाणं वेगळं. तो आल्यापासून तेच सांगून राहिला का लुटतात. मी म्हटलं अरे, तुझ्यासारख्यांची गर्दी होऊ नये म्हणूनच घेतात. नेपाळमध्ये चितवनसारख्या पार्कचं जे उत्पन्न होते त्यातलं 30 ते 50 टक्के बाजूच्या गावांसाठी ठेवायचा कायदाच आहे. अन्नपूर्णाच्या डोंगरात 1986 पासून परवान्याच्या पैशावर पायवाटा, शाळा, पाणी असं चालते, सुरुवातीला त्यात बाहेरच्या संस्थांची मदत होती, आता तिथल्या न्यासाचं स्वतःचं आहे. रवांडात गोरिल्ला पाहायचा तर 1,500 डॉलर, अन् पार्कच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा गावांना. आपल्याकडे पण अगदीच काही नाही असं नाही, 2006 मध्ये कायदा सुधारला तेव्हापासून गेटचा पैसा व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानात जाते अन् तिथून जंगलासाठी, गावासाठी वापरता येते, 2015 पासून जन-वन विकास योजना आहे, गावात समिती आहे. ताईंकडे गॅस आला, लहान पोरगा गाईड झाला, म्हणून त्या मोहफुलं वेचायला पहाटे एकट्या जायच्या त्या आता कमी जातात.

पण त्यांनी जे विचारलं ते मी तसंच लिहिते. म्हणे, "मॅडम, अमेरिकेवाल्यायनं बिल्ला देल्ला, पेपरात फोटो आला सायबायचा. पन लाइट तं आमी खाली केले ना? त्यायले मालूम आहे का आमचं गाव?" मी म्हटलं असेल, अर्जात गावांची नावं असतील. म्हणे, "गावाचं नाव नाही वो. कोन्या घरी बिबट्यानं शेळी नेली अन् तरी लाइट वर नाही केला, थे." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून बिल्ला देणाऱ्यांकडून माझं एवढंच मागणं आहे, तो वर्षाचा अहवाल जेव्हा येईल त्यात एक पान या चार गावांच्या माणसांच्या बोलण्याचं मागून घ्या, त्यांच्याच शब्दांत, अन् ज्या रिसॉर्टचा गोळा क्षितिजावर दिसते त्याला पण विचारा. बाहेरच्या माणसानं विचारलं का आपल्याकडे फायली लवकर हलतात, हे मी नोकरीत पाहिलं आहे.

ताईंच्या सासूबाई, नव्वदीच्या असतील, त्या इतका वेळ शेकोटीत काड्या टाकत होत्या. पोरगी म्हणाली आजी, आज सप्तर्षी दिसले नाही. म्हातारी म्हणे ते काय असते? पोरगीनं बोटानं हवेत काढून दाखवलं. तर म्हणे, "अवं थे खाट हाये." चार तारे म्हणजे खाटेचे चार खूर, मागचे तीन म्हणजे चोर, खाट न्याले टपून बसले आहेत, पण खाट ज्या म्हातारीची आहे ती झोपतच नाही, म्हणून चोरांना रोज रात्रभर तिच्याभोवती फिरावं लागते. अन् वर सगळं ढगानं भरलेलं असताना तिनं मान न वाकवता हात केला, ईशान्येला, जरा वर, अन् म्हणे आता या वक्ती हित्तं असन. दहा वाजून गेले होते. मी मोबाइलमध्ये ते तारे दाखवणारं ॲप उघडून पाहिलं, जागा तीच होती.

जायचं असेल तर अमावस्येच्या अलीकडे-पलीकडे दोन दिवस धरून जा, पौर्णिमेला जाऊन उपयोग नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी चांगलं, पावसाळ्यात कोअर, म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग, बंदच असते. एक रात्र ढगाची जाऊ शकते म्हणून दोन रात्री काढा. स्वेटरवर स्वेटर न्या, कानटोपी न्या, लाल कागद लावलेला टॉर्च न्या, संडासाची कडी लागत नसेल तर दोरी न्या. नगदी ठेवा, नेटवर्क येते-जाते. अन् सोले जानेवारीतच भेटतात, पोचल्या पोचल्या सांगून ठेवा, नाही तर पनीर येईल.